समोर बसलेली ताई

जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. कॅमेरा कुणाचाही असो, ते आधी त्याचं भिंग काढून खिडकीच्या उजेडात धरत आणि आतली बुरशी बघून असा चेहरा करत, की मालकाला वाटावं आपल्याच फुप्फुसात काहीतरी सापडलंय. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबलावर मऊ फडकं, फडक्यावर सुटी भिंगं आणि एका बशीत मुंगीएवढे स्क्रू. त्या बशीला हात लावायची बायकोलाही परवानगी नव्हती. परवानगी होती ती फक्त ताईला.

ताई त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच भावाला वाढवलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "हा एवढा मोठा होईस्तोवर मीच म्हातारी झाले की!" पुढे भाऊ लोकांचे फोटो काढू लागला, तेही रिळावरच. तेव्हा पांढरी चादर धरून उभं राहायचं काम तिच्याकडे आलं. चादरीवर पडलेला उजेड माणसाच्या सावलीतल्या गालावर परततो. ताई नेहमी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी असे.

याच बाजूला फिल्म परत गुंडाळायची चावी असते. फिल्मचं टोक पलीकडच्या रिकाम्या रिळात नीट अडकलेलं असेल, तर प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढे सरकवताना ती चावी आपोआप फिरते. फिरली नाही तर समजावं, आत फिल्म जागची हललेलीच नाही. वरचा फोटो मोजणारा आकडा मात्र बेलाशक पुढे पळत राहतो. ताईचं लक्ष त्या चावीवर असे. प्रत्येक खटक्यानंतर ती हळूच म्हणायची, "फिरतंय." समोर बसलेल्यांना वाटे, हा काहीतरी मंत्र असावा. भिंगवाले नव्या हौशी मंडळींना कानीकपाळी ओरडून सांगत, "चावीकडे बघत जा." लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यांनी स्वतः ती चावी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. ताई होती ना.

पण त्या सगळ्या फोटोंत ताई कुठेच नव्हती. फार तर कोपऱ्यात चादरीची कड आणि तिची दोन बोटं. भावजयीच्या मोबाइलमध्ये होती, पण पाठमोरी, नाहीतर तोंडासमोर हात धरलेली. एक दिवस मात्र चहा पिता पिता तीच म्हणाली, "अरे, माझा एक काढून ठेव. नाहीतर मेल्यावर भिंतीवर माझी दोन बोटं लावाल."

भिंगवाल्यांना इतका आनंद झाला, की तिने विषय बदलू नये म्हणून त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. माणसांच्या चेहऱ्यासाठी म्हणून जपून ठेवलेलं एक जुनं भिंग होतं, ते काढलं. साठवणीतलं शेवटचं रीळ भरलं. ताईला खिडकीशी बसवलं आणि चादर खुर्चीच्या पाठीवर टांगली. ताई आधी परीक्षेला बसल्यासारखी ताठ होती. मग ती घसरणारी चादर पकडताना भावाची उडालेली तारांबळ बघून हसायला लागली. "मी इतकी वर्षं कशी धरली असेल, कळतंय का आता?" ती हसत राहिली आणि ते खटके मारत राहिले. असं हसू त्यांनी काचेतून कधी बघितलं नव्हतं. चावीकडे बघायला माणूस उरला नव्हता.

रीळ धुवायचं राहिलं, कारण त्याच आठवड्यात ताई न्हाणीघरात कोसळली. जीव वाचला. पण डावं अंग लुळं पडलं आणि तोंड एका बाजूला ओघळलं. डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत राहिले हे नशीब. ताई तेवढं एकच वाक्य धरून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला जड जिभेनं सांगायची, "डोळे चांगले आहेत हं माझे." आरसा मागायची, तो मात्र कुणी देत नव्हतं. मग भावाला म्हणायची, "फोटो तरी दाखव."

भिंगवाल्यांनी फिल्म धुतली. पट्टी टांगली आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, पाण्यासारखी पारदर्शक. टोक रिळात अडकलंच नव्हतं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते असं. ते मोरीपाशी बसले आणि हमसून हमसून रडले.

बायको म्हणाली, "अहो, धुताना बिघडला म्हणून सांगा. तिला काय कळतंय?"

"तिलाच तर कळतं," ते म्हणाले.

तरी इस्पितळात जाताना पट्टी खिशात होती. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. ताईने खिशावर गेलेल्या त्यांच्या हाताकडे बघितलं आणि चांगल्या हाताने पट्टी खिशातून ओढून घेतली. खिडकीकडे धरली. डोळे बारीक केले, मोठे केले. पट्टी पुढे सरकवली, पुन्हा मागे आणली. मग पट्टी खाली केली.

"काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली. "डोळेही गेले वाटतं माझे."

गप्प राहिलं तर तिचे डोळे जात होते, खरं सांगितलं तर तिचा चेहरा.

"डोळे चांगले आहेत तुझे, ताई. फिल्म कोरी आहे. सरकलीच नाही. मी बघितलं नाही."

ताईने पट्टी पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाहीच त्यात?"

"नाहीस."

"मग तूच सांग. आता कशी दिसते मी?"

त्यांचा उभा जन्म माणसांच्या चेहऱ्यांवर उजेड कुठून घ्यायचा, हे ठरवण्यात गेला होता. त्यांनी ताईकडे नीट बघितलं. अर्धी त्यांची ताई होती. उरलेल्या अर्ध्याकडे त्यांच्याने बघवेना.

"आहेस तशीच," ते म्हणाले.

ताईने चादर हळूहळू नाकापर्यंत ओढून घेतली.

"कॅमेरा आणू नकोस हं," ती चादरीतून म्हणाली.