चंद्रावरची चालती दरी

गल्लीच्या तोंडाशी जे सलून आहे, त्याच्या मालकानं एके दिवशी दाढी करणं सोडलं. म्हणजे स्वतःची नव्हे, लोकांची. केस कापायचा, मशीन फिरवायचा, मानेवर पावडरही मारायचा. पण गालाला फेस लावायची वेळ आली की म्हणायचा, आज राहू द्या, उद्या बघू. उद्याही तेच.

गल्लीला एवढं पुरलं. समोरच्या औषधवाल्याचं मत पडलं की याचा हात थरथरतो, आणि तो कशानं थरथरतो हे सांगायला त्यानं अंगठा नुसता ओठांकडे नेला. वरच्या मजल्यावरच्या मावशींना वाटलं, बायकोशी बिनसलं असणार. रागावलेल्या माणसानं वस्तरा धरू नये एवढी अक्कल त्याला आहे, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ते चंद्रावर होतं.

त्याचं खरं नाव सगळे विसरले आहेत. सगळे त्याला चांदोबा म्हणतात, त्याची बायको सोडून. ती 'अहो' म्हणते. गच्चीवर त्याची एक जुनी दुर्बीण आहे, टोपी घातल्यासारखं वर प्लॅस्टिकचं डबडं घालून ठेवलेली. अर्धा चंद्र दिसायला लागला की हा सलूनचं शटर ओढतो आणि मावळतीचा उजेड असतानाच वर जाऊन बसतो. पूर्ण चंद्राचं त्याला काही कौतुक नाही. तो म्हणे पावडर फासलेल्या गालासारखा सपाट दिसतो. अर्ध्या चंद्रावर मात्र ऊन आडवं पडतं, डोंगरांच्या सावल्या लांबतात, आणि विवरं अशी खोल दिसतात की पाय घसरेल.

ती विवरं तो कागदावर काढायचा. जाड कागद कोळशानं काळाभोर करायचा, दुकानातल्या कापसानं पुसत पुसत करडा उजेड आणायचा, आणि शेवटी अर्धं ब्लेड घेऊन काळ्यातून डोंगरांची पांढरी टोकं खरवडून काढायचा. हात तोच, ब्लेडही तेच; माणसांच्या गालावर चालणारं चंद्राच्या गालावर चालायचं. नियम एकच: जे दिसतं तेच काढायचं, जे माहीत आहे ते नाही. दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, तर उलटाच काढायचा. आयुष्य आरशात बघून काम करण्यात गेलेलं, त्याला उलटसुलट सारखंच.

तर दाढी सोडण्याआधीच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी त्याला मोठ्या विवराच्या काठाला एक बारीक, वाकडी, काळसर दरी दिसली. पूर्वी कधी दिसली नव्हती. त्यानं जीव ओतून काढली. दुसऱ्या संध्याकाळी तो भलत्याच भागाचं चित्र काढत होता, आणि दरी तिथेही होती. तेवढीच, तशीच वाकडी. त्यानं तीही काढली. नियम म्हणजे नियम. मग दोन्ही चित्रं वाळायला टाकल्यासारखी दोरीला शेजारी शेजारी लावली.

चंद्रावरच्या दऱ्या जागा सोडून फिरत नाहीत. म्हणजे डाग एक तर काचेत होता, नाही तर त्याच्या डोळ्यात.

दुसरं कुणी असतं तर काच पुसून मोकळं झालं असतं. पण याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. बापही त्याच सलूनमध्ये, त्याच खुर्चीमागे उभा राहायचा. त्याला नजरेच्या मधोमध एक काळा ठिपका दिसायला लागला आणि त्यानं घरात ब्र काढला नाही. उजेड कमी आहे म्हणायचा, ब्लेड बोथट निघालं म्हणायचा. ठिपका वाटीएवढा झाला तेव्हा एका सकाळी त्यानं भूगोलाच्या मास्तरांच्या कानाची पाळी उडवली. त्यानंतर बाप खिडकीशी बसला तो शेवटपर्यंत, आणि कोण आलं हे पावलांवरून ओळखायचा.

आपल्याही डोळ्यात तेच आलं आहे, या विचारानं चांदोबाची पाचावर धारण बसली. शोधायला लागलं की सापडतंच. पांढऱ्या टॉवेलकडे बघितलं की काहीतरी तरंगायचं, भिंतीकडे बघितलं की सरकायचं. गालावरचा पांढरा फेस बघायची तर हिंमतच होईना. खात्री करून घ्यायचे दोन उपाय होते, दोन्ही सोपे, दोन्ही त्याला पाठ. दुसरा डोळा लावून बघायचं. किंवा नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीची डोळा लावायची छोटी नळी, हातानं फिरवायची. डाग नळीबरोबर फिरला तर काचेत, जागेवर राहिला तर डोळ्यात. त्यानं दोन्हीपैकी एकही केलं नाही. गच्चीवर जाणंच बंद केलं.

घरात आणखी एक गोष्ट बंद झाली. त्याची बायको शिवणकाम करते. तिला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून रोज चहा झाला की हा तिला सुयांत दोरा ओवून द्यायचा. आता तो चहा संपायच्या आत उठायला लागला. हात ओले आहेत, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय, काहीही. पण तिनं सासऱ्याला खिडकीशी बसलेलं पाहिलेलं होतं.

अशात महिनाभरानं मास्तर आले. कान तोच, पाळीला कोयरीसारखी खाच पडलेली. बापानं कान कापूनही त्यांनी दुकान बदललं नव्हतं; लोकांनी विचारलं तर म्हणायचे, दुसरा कान अजून शिल्लक आहे. चांदोबानं नेहमीचं उद्यावर ढकलायला तोंड उघडलं, पण मास्तर खुर्चीत मागे रेलले, मान वर केली, डोळे मिटले. दुकानात आणखी दोघं बसले होते. नाही म्हणायला कारण सुचेना.

फेस लावला. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. एक गाल कसाबसा झाला. मग हनुवटीखाली, गळ्यावर पातं टेकवलं आणि त्या पांढऱ्या फेसावर त्याला दरी दिसली. खरी का खोटी देव जाणे, पण दिसली. पात्याखाली मास्तरांची शीर उडत होती. त्याचा हात थांबला. पुढे नेववेना, मागे घेववेना. मास्तरांनी आवंढा गिळला तसं पातं त्या आवंढ्याबरोबर वर जाऊन खाली आलं.

त्यानं श्वास रोखून हात उचलला आणि म्हणाला, "मास्तर, ब्लेड बोथट निघालं हो."

मास्तरांनी डोळे उघडले. आरशातूनच त्याच्याकडे बघितलं, आणि बाकावरच्या दोघांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुझ्या बापाचंही असंच नवंकोरं ब्लेड बोथट निघालं होतं."

टॉवेलनं उरलेला फेस स्वतःच पुसून, अर्धी दाढी घेऊन ते निघून गेले. गल्लीला महिनाभर पुरेल एवढा ऐवज मिळाला. पण त्या दिवशी मास्तरांच्या तोंडून कुणीही काही काढू शकलं नाही.

संध्याकाळी तो गच्चीवर गेला, ते चंद्र बघायला नव्हे, खाली सुयांचा डबा उघडल्याचा आवाज आला म्हणून. ती मागोमाग आली. हातात सुई-दोरा होताच. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मामंजींसारखं होतंय का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. दरी, फेस, मास्तर, नळी फिरवायचा उपाय.

"मग फिरवा की."

"आणि डाग नाही फिरला तर?"

तिनं सुई पदराला टोचली, दुर्बिणीचं डबडं काढलं आणि म्हणाली, "तुम्ही नुसते बघा. फिरवते मी."

त्यानं डोळा लावला. चंद्र होता, डोंगर होते, दरी होती, आडवी पडलेली. तिनं नळीला हात घातला तो बरणीचं झाकण पिळावं तसा. दुर्बीण हलली आणि चंद्र पळाला. समोर काळोख. इतका वेळ नुसता काळोख, की त्याला वाटलं, झालं, हे असंच राहणार. चाचपडत त्यानं दुर्बीण इकडे ढकलली, तिकडे ढकलली. एका कडेनं उजेड आत आला, हळूहळू अर्धा चंद्र आला.

तिनं खांदा धरला. "अहो. सांगा काय ते."

"उभी राहिली," तो म्हणाला.

"कोण?"

"दरी. आडवी होती, ती उभी राहिली."

नळी उपसून त्यानं जिन्यातल्या दिव्याखाली धरली. आतल्या काचेला एक आखूड, वाकडा, पिकलेला केस चिकटला होता. ती म्हणाली, काच पुसता कशानं? तेव्हा त्याला आठवलं. गिऱ्हाइकाची मान झाडायचा मऊ ब्रश, चांगला म्हणून, त्यानं तोच वर आणला होता.

तो जिन्यातच बसला. तिनं पदराची सुई काढून त्याच्यापुढे धरली. पहिल्यांदा दोरा बाहेरून गेला. डोळे भरलेले होते. दुसऱ्यांदा आत गेला. तरी तिनं दुसऱ्या दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टरांनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, सध्या काही नाही. वडिलांचं होतं म्हणता, तर येत चला अधूनमधून. 'सध्या' हा शब्द तो घरी घेऊन आला.

मास्तर पुन्हा आले तेव्हा आरशाशेजारी दरीचं चित्र टांगलेलं होतं. त्यांनी भूगोलाच्या सवयीनं विचारलं, ही कोणती रे? तो म्हणाला, "दरी कुठली, काचेतला केस. पांढरा होता, उजेडापुढे काळा दिसला. या गल्लीत पांढरे केस माझ्याकडे कापून घेतं कोण?"

मास्तरांनी चित्राकडे बघितलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान वर केली.

त्यानं फेस लावला. पातं गळ्याशी नेलं. मग भिंतीवरच्या चंद्राकडे आधी उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा मिटून. मास्तर डोळे मिटून थांबले होते. या दुकानात आता दाढीला थोडा वेळ लागतो, हे गल्लीकडून त्यांच्या कानावर आलं होतं.