दुसरी सीडी

परवा रिमोटमध्ये सिनेमाचं नाव बोललो आणि तो लगेच समोर आला. इतकं सहज काही मिळालं की मला संशय येतो. शेवट तरी धड आहे का, ते बघायला मी सिनेमा पुढं पळवला.

ही खोड बाबांची. ते आलापल्लीला वननाक्यावर होते. सागवानाचा ट्रक असो की भाड्याची सीडी, तपासल्याशिवाय सोडत नसत. आईला ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायच्या आदल्या दिवशी तिनं हाच सिनेमा मागितला. दोन सीडी होत्या. बाबांनी दोन्ही उन्हात धरल्या, दुकानाच्या भिंतीवर रंग नाचले. मग मला घरी पाठवून ते दुकानातच सिनेमा तपासत बसले.

संध्याकाळी पहिली सीडी संपली.

"दुसरी खराब हाय," बाबा म्हणाले.

"काऊन? तुमी तं पाहून आणली ना?" आई म्हणाली.

"दुकानदारानं बदलली असन."

त्या दुकानदाराला मी वीस वर्षं लबाड समजत आलो.

परवा शेवट पाहिला. नायिका ऑपरेशनला जाते आणि परत येत नाही.

बाबांनी तो माल नाक्यावरच अडवला होता.