जागा गेली हो

डार्मश्टाटच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र कॅमेरूनचा. दोघंही पीएचडी करत होतो, पण त्याचं आधीचं शिक्षणही जर्मनीतलं, त्यामुळे त्याचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. बायको आणि चार वर्षांची मुलगी तिकडे व्हिसासाठी अडकलेल्या. तिघांना पुरेल एवढ्या जागेचा भाडेकरार महिनाअखेरपर्यंत दाखवला नाही तर अर्ज फेटाळू, असं पत्र आलेलं.

फोनवर एक घरमालकीण त्याला म्हणाली, "या की चार वाजता." चारला तिने दार उघडलं, त्याचा रंग पाहिला आणि म्हणाली, "आत्ताच गेली जागा." ही सातवी वेळ. परत येऊन त्याने एवढं सांगितलं आणि कॉम्प्युटरसमोर बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे तोच नंबर फिरवला. जागा रिकामी होती!

"थांब, मीच जाऊन पुरावा आणते," मी म्हणाले. मोठी शहाणी!

मालकीणबाईंनी मला कॉफी दिली, तिन्ही खोल्या दाखवल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मघाशी एक काळा आला होता. तसली माणसं जिन्यात नकोत बाई. तुम्ही भारतीय कसे, स्वच्छ, शांत."

आणि मी हसून म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर! समोरच्याची री ओढायची सवय, दुसरं काय. पण खोटं कशाला बोलू, ऐकून बरंही वाटलं होतं. पुण्यात आमच्या वरच्या खोल्या बघायला कुणी आलं की आई आधी आडनाव विचारायची आणि मग गोड आवाजात म्हणायची, "जागा गेली हो." पाण्याचा पेला घेऊन मी शेजारीच उभी असायचे.

भेदभावाविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता. अशा तक्रारी घेणाऱ्या सल्लाकेंद्रात आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी मालकिणीला पत्र धाडलं, सोबत माझी लेखी साक्ष. त्यातून माझं गेनाऊ मी गाळलं होतं. उलट टपाली उत्तर आलं: मी परदेशी माणसांना नाही कशी म्हणेन? त्या भारतीय मुलीला तर देत होते. विचारा तिला, माझं म्हणणं तिलाही पटलं होतं.

कपाळ माझं! एखाद्या जर्मन मैत्रिणीला पाठवायचं सोडून मी गेले आणि मालकिणीचीच साक्षीदार होऊन बसले. महिना संपायला पाच दिवस होते.

त्याने पत्र माझ्यासमोर धरलं. "पटलं होतं तुला?"

"गेनाऊ म्हणाले मी." लाजेने मेल्यासारखं झालं. त्याच्यासमोरच साक्ष पुन्हा लिहिली, मालकिणीचं वाक्य आणि त्याखाली माझं. सल्लाकेंद्रातल्या बाईंनी ती पाठवून एवढंच विचारलं, "हिला पटलं म्हणता, ते नेमकं काय?" कोर्टाचं नाव निघताच मालकिणीचा मुलगा येऊन करारावर सही करून गेला. शेवटचे दोन दिवस उरले होते.

मायलेकी आल्या त्या रविवारी मी जेवायला गेले. बायकोने दारातच मला घट्ट मिठी मारली.

"सगळं सांगितलंय त्याने मला. त्या बाईला तू तोंडावर सुनावलंस म्हणे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसून मुलीच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याने मान वर केली नाही.