नवऱ्याची स्पॅनिश चकती

आमचं ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी माझी पत्रिका मागितली, म्हणून नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. "मी इंजिनिअर आहे, असलं थोतांड मला चालणार नाही!" मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं त्याचं.

तोच माणूस गेला हिवाळाभर, आइंडहोवनच्या ऑफिसातून सायकल हाणत घरी आला की, मध्ययुगीन स्पेनमधला एक ग्रंथ वाचत बसायचा. इंग्रजी भाषांतरात, अर्थात. सूर्याची उंची मोजून वेळ सांगणारी पितळी चकती कशी बनवायची, ते त्यात दिलं होतं. पितळ काही जमलं नाही, म्हणून प्लायवूड आणलं. महिनाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर भुशाशेजारी जेवलो.

एप्रिलमध्ये सासूबाई पुण्याहून आल्या. रविवारी सकाळी इथल्या सततच्या ढगांतून चक्क ऊन पडलं. नवऱ्याने बाल्कनीत चकती सूर्यासमोर धरली, वरची राशींची कडी फिरवली आणि छाती फुगवून म्हणाला, "आई, आत्ता पूर्वेला कर्क रास उगवतेय!"

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे पत्रिकेतली लग्नरास काढलीस."

"छे! हे खगोलशास्त्र आहे."

"बरं. परत काढ बघू."

त्याने चकती उचलली, तेवढ्यात ढग आला. "आता ऊन येईपर्यंत थांबावं लागेल," तो कुरकुरला.

"आपले गुरुजी," सासूबाई कप उचलत म्हणाल्या, "भर पावसाळ्यातसुद्धा काढून देतात."