कडक खळीचा पडदा

बोगुमिलाबाईंनी नावं ठेवली नाहीत असं एकही घर गल्लीत नव्हतं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बाईंना दुसरा उद्योगच नव्हता. समोरच्या झेनोनरावांवर तर खास डोळा. रेल्वेतून निवृत्त झालेला हा विधुर माणूस खिडकीला पडदाच लावत नसे.

"उघडीबोडकी खिडकी! जनाची नाही तर मनाची तरी असावी," बाई बेकरीच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. त्यांच्या स्वतःच्या खिडकीला लेसचा दुपदरी पडदा होता, दर ईस्टरला धुऊन खळ घातलेला. खळ तरी किती, पत्र्यासारखा कडक!

गेल्या वर्षी बागेत करपा पडला आणि वारलेल्या बहिणीच्या, सेवेरिनाच्या टोमॅटोच्या फक्त सात बिया पाकिटात उरल्या. मुठीत न मावणारा तो गुलाबी टोमॅटो दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. या सात गेल्या की संपलं.

झेनोनराव मार्चच्या मध्यावर बी पेरतात, म्हणून बाईंनी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात पेरलं. पहिला नंबर नको का! साती उगवल्या. पण खिडकीच्या कट्ट्यावर जिरेनियमच्या कुंड्या, त्या गल्लीला दिसायलाच हव्यात. मग रोपं गेली पडद्याआड टेबलावर, खोली तापवणाऱ्या रेडिएटरला चिकटून. त्यात मार्चभर पाऊस, एप्रिलमध्ये बर्फाचा चिखल, सूर्याचं नाव नाही. रोपं पांढुरकी होऊन नुसती उंच सुटली. बाईंनी विणायच्या सुया टेकूला रोवल्या, लोकर बांधली, वर रोपांनाच सुनावलं, "कणा म्हणून नाही मेल्यांना!" दोन रोपं आडवी झाली ती उठलीच नाहीत.

झेनोनराव हॉर्सरॅडिशच्या झणझणीत मुळाच्या किसाची बरणी द्यायला आले आणि दारातच थबकले.

"अहो बोगुमिलाबाई, ही रोपं आहेत की शेवया?"

"तुम्हाला विचारलंय कोणी?"

"उपाशी आहेत ती, उजेडाला. पडदा काढा, कुंड्या हलवा, रेडिएटरपासून लांब ठेवा. पाणीही जरा आवरा."

"आणि गल्लीनं माझ्या घरात डोकवायचं? तुमच्या धर्मशाळेत डोकावतात तसं?"

"डोकावू दे. सेवेरिनाबाईंचे टोमॅटो मीपण खाल्लेत. पडदा बाजारात मिळतो हो, ते नाही मिळत."

बाईंनी दार आपटलं. सकाळी तिसरं रोप मान टाकून पडलेलं होतं. बाई त्याच्याकडे बघून रडल्या, रागानं रडल्या, आणि खुर्चीवर चढून पडदा उतरवला.

मग बाईंचा थाट सुरू झाला. रोज इस्त्रीचा ब्लाउज, केस बांधलेले, काचेची भांडी पुसून लखलखीत. गल्ली बघणार ना! बाई खिडकीपाशी ताठ बसायच्या. शेजारी चार रोपं हळूहळू जाडसर, जांभळट खोडांची होत गेली.

थंड झोशाचा दिवस, म्हणजे मेची पंधरा तारीख, गारठ्याचा शेवटचा दिवस, उलटल्याशिवाय इथं कोणी टोमॅटो बाहेर लावत नाही. सोळाव्या तारखेला झेनोनरावांनी बाईंच्या बागेत आडवे चर खणले आणि लांबुडक्या रोपांची खालची पानं काढून ती चरात चक्क निजवली. वर फक्त शेंडे ठेवले.

"पुरताय काय त्यांना?"

"जेवढं खोड मातीत, तेवढ्या मुळ्या. जगतील आता."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण जीभ थोडीच गप्प बसते?

"महिनाभर गल्लीनं माझं घर पोटभर बघून घेतलं असेल!"

"कोणी?" झेनोनराव फावडं पुसत म्हणाले. "पडदा नाही, हेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं ना चौघांना."

 घरी जाऊन बाईंनी पडदा धुतला, दुप्पट खळ घातली, दुसऱ्या दिवशी टांगला. मग त्याचा एक कोपरा बोटानं उचलून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. माणसं येत होती, जात होती. एकानंही वर बघितलं नाही.