सरपंचाचं वजन

“सून आली आन् सरपंच सुकला!”

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या, कुंपणापलीकडे शेजारच्या जयवंतीमावशी होत्या, आणि मी दाराआड, हातात चहाचे दोन कप. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी बाहेर जायचं की मागे फिरायचं? मी तिथेच उभी राहून एक कप स्वतःच पिऊन टाकला.

“पायगुन म्हनावा का काय मंग?” मावशी.

“तसं नाय गो. पोरगी गुनाची हाय. पन हातात घेतला की हाडं लागतात बग त्याची!”

घाबरू नका, गावचे सरपंच ठणठणीत आहेत. हा आमचा पोपट. कॉकाटील जातीचा, राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर केशरी टिकल्या. कुणाचंच ऐकत नाही म्हणून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याचं नाव सरपंच ठेवलं. बाबांनी जन्मभर होडी चालवली, आता घरी असतात. आई, म्हणजे सासूबाई, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. आमच्या घरात सुकलेल्या मालाला मान आहे, पण तो बोंबलांना. पोपटाला नाही.

मी पालघरची. लग्नाला दोन महिने झालेले. मुळातच कमी बोलणारी, आणि सासरी आल्यापासून माझं बोलणं ‘हो’ आणि ‘वाढू का?’ एवढ्यावर आलेलं. पण त्या दिवशी नवऱ्याला गाठलं आणि ताठ मानेनं सांगितलं, “निलेश, एका महिन्यात वजन वाढवून दाखवीन!”

“कोणाचं?” तो दचकून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांना घेऊन आम्ही पालघरच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी चोच उघडून पाहिली, छाती चाचपली, तोललं. चौऱ्याहत्तर ग्रॅम.

“आजार काही नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊ नका. भिजवलेले मूग, मक्याचे दाणे, थोडं उकडलेलं अंडं, शेवग्याचा पाला. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करून लिहून ठेवा. आणि हो, पिंजऱ्याची जागा वगैरे बदलली का एवढ्यात?”

निलेश गाडी लावायला गेलेला. मी आले तेव्हा पिंजरा गॅलरीत होता, आताही गॅलरीतच होता. मी म्हटलं, “नाही.”

हा एवढा एकच शब्द लक्षात ठेवा.

मग माझा यज्ञ सुरू झाला. पहाटे मूग भिजव, मका उकड, अंडं कुस्कर, शेवगा ओरबाड. सगळं वाटीत मांडून मी गॅलरीत उभी. सरपंच वाटीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि पाठ फिरवायचे. आता ते सगळं टाकायचं कुठे? कचऱ्यात अंडं दिसलं असतं तर आई काय म्हणाल्या असत्या? मी मुकाट्यानं खाऊन टाकायची. रोज.

वजनासाठी आईंचा सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, तोलायचा छोटा काटा घेतला. सोड्यांचा भाव तुम्हाला माहीतच असेल, तिथे एकेका ग्रॅमचा हिशेब! काट्यावर करवंटी ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. शिस्त म्हणजे शिस्त! पण महाराज करवंटीत चढेनात. म्हणून दोन शेंगदाणे टाकले. चढले! शहात्तर ग्रॅम!

एका रात्रीत दोन ग्रॅम! मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं.

दोन दाण्यांची किंमत लवकरच घसरली. मग चार, मग आठ, मग मक्याचे दाणे, मग मूठभर. आणि कॅलेंडरवरचा आकडा ऐंशी, सत्त्याऐंशी, चौऱ्याण्णव. मला एकदा तरी शंका यावी? नाही आली. मी बी.एस्सी. आहे, हे कृपया कुणाला सांगू नका.

आईंनी ही बातमी बाजारात नेली. मासळीबरोबर माझी कीर्तीही फुकट वाटली असावी, कारण लोक येऊ लागले. एकीनं कोंबडी आणली, “अंडं नाय देत, बग जरा.” जयवंतीमावशी तर म्हणाल्या, “माज्या जावयाला पन ठेव गो चार दिस तुज्याकडं. नुस्ता काटा हाय मेला!”

मी गालात हसायची. मनात मात्र पायगुणाचा झेंडा फडकत होता.

महिना भरला त्या रविवारी केळव्याहून आत्या, बाबांच्या थोरल्या बहीण, लव्हबर्डची जोडी घेऊन हजर. माझं कसब बघायला जयवंतीमावशीही आल्या. काटा मांडला. करवंटी. शून्य. मूठभर दाणे. सरपंच ऐटीत चढले. एकशे दोन!

“बगितलं?” आईंनी अशा थाटात विचारलं, की जणू सरपंचांना त्यांनीच जन्म दिलाय.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सरपंच दचकून उडाले आणि बाबांच्या खांद्यावर जाऊन बसले.

काट्यावर करवंटी. आणि आकडा? सत्तावीस.

सगळे त्या सत्ताविसाकडे बघत राहिले. आईंनी शांतपणे विचारलं, “सूनबाय, ह्ये सत्तावीस कोनाचं?”

“दाण्यांचं,” मी पुटपुटले.

“म्हंजे मालासंगट टोपली तोललीस? आगो, इतकी वर्सं बाजारात बसले, पन पोपटाच्या वजनात काटा मारनारी तूच पयली!”

एकशे दोनातून सत्तावीस गेले, उरले पंचाहत्तर. महिनाभरात एक ग्रॅम.

“तो पन आंघोळीच्या पान्याचा आसंल,” मावशींनी भर घातली.

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण जरा वेगळ्या कारणानं. मी पानं वाढायला बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे वळले.

“मी नाय हां त्या खुर्चीवर बसनार,” आत्या म्हणाल्या, “पाय लोंबतात माजे. खाली बसू सगली.”

त्या खुर्चीवर माझेही पाय लोंबतात, पण ते सांगणार कोण? तर सगळे स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आणि काय सांगू! सरपंच बाबांच्या खांद्यावरून उतरले, ताटांमधून रुबाबात फिरले, बाबांच्या ताटातल्या तांदळाच्या भाकरीवर तुटून पडले, मग निलेशच्या ताटातले मूग, मग आत्यांच्या ताटातला शेवगा. मी महिनाभर ज्याच्यासाठी हात जोडले, ते सगळं!

“आदी आसाच जेवायचा,” बाबा म्हणाले.

“आधी म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजे टेबल यायच्या आदी. सगली खाली बसायचो, ह्यो मदी. मंग तू येनार म्हनून टेबल आनलं. पालघरची शिकलेली पोरगी, खाली कशी बसंल? मदी जागा नाय उरली, म्हनून पिंजरा गेला गॅलरीत.”

म्हणजे डॉक्टरांना मी दिलेलं ‘नाही’ साफ चुकीचं होतं. मग मी पदर खोचला आणि लग्नानंतरचं माझं पहिलं लांबलचक बोलणं बोलले.

“आई, त्या दिवशी अंगणात तुम्ही मावशींना म्हणालात ते अगदी खरं होतं. सून आली आणि सरपंच सुकला.” मावशी एकदम ताटातल्या बोंबलाचे काटे मोजू लागल्या. “ते टेबल उद्या गॅलरीत जाऊ दे आणि सरपंच आत येऊ दे. पालघरला आम्हीपण खालीच बसून जेवतो. आणि महिनाभरात वजन वाढवून दाखवीन म्हटलं होतं, ते मी वाढवलंय. चार किलो! पण ते बघायला हा सोड्यांचा काटा नाय चालायचा, तुमचा बाजारातला मोठा काटा आणा. टोपली नको, मी एकटीच बसते!”