जाड अक्षर हळू वाचावं

आमचे काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, जाऊन महिना होत आला. शेवटच्या आजारात त्यांना दिसत नव्हतं, म्हणून पेपर मी वाचून दाखवायची. पहिल्या पानावरचं जाड अक्षर आलं की बाजेवरून हात हलायचा, "हळू, माय… हळू." आणि ब्रह्मदेशातल्या एका शहराचं नाव आलं की मी थांबायची. ते काकाजीच पुरं करत, "रंगून." कारण माझ्या मालकांचं नाव रंगनाथ, घरात रंगू. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? लिहायला हरकत नाही, असं काकाजी म्हणत, म्हणून लिहिते आहे.

जपानशी लढाई चालली होती त्या दिवसांत हेच काकाजी चावडीपुढच्या निंबाखाली उभे राहून अख्ख्या इंझोरी गावाला पेपर ऐकवत. त्यांचा कायदा साधा होता. छापणाऱ्यानं जेवढं अक्षर जाड केलं, तेवढा आवाज मोठा. कापसाचा भाव बारीक अक्षरात, म्हणून काकाजी तो पुटपुटत वाचायचे, लोक वैतागायचे. पहिलं पान मात्र पार आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचं. कोण कुठे लढतंय हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं, पण काकाजींचा आवाज चढला की पोरं आरोळ्या ठोकायची, म्हातारे मुठी आवळायचे. खरं सांगते, मलाही ते आवडायचं. मालक पलटणीत मोटार चालवत होते. पानावरची लढाई मला त्यांचीच खबर वाटायची.

मग ती सकाळ. भाकरी तव्यावर होती. काकाजी गरजले, "रंगून पडले!" तिकडे गलका उठला आणि सासूबाईंना ऐकू आलं ते एवढंच… रंगू पडले. त्यांनी हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. माझं कुंकू कोणी पुसलं, हात पाट्यावर धरून बांगड्या कोणी फोडल्या, मला कळलंच नाही. काकाजी पेपर हातात घेऊनच धावत आले. "अवो वयनी, काय करून राह्यल्या? थे शयर हाय, शयर! जपान्यानं घेतलं! आपला रंगू नाही!"

माझ्या मनगटातून रक्त येत होतं. ते पाहून काकाजींनी हातातला पेपर तिथेच टाकला. मला त्यांचा भयंकर राग आला, छापणाऱ्याचा त्याहून जास्त. आपलं जाड अक्षर कोणाच्या दारात जाऊन पडतं, हे त्याला काय माहीत! त्याच दुपारी काकाजी स्वतः कासारणीला घेऊन आले आणि अंगणात पाठ करून बसले. "कोपरापर्यंत भर माय तिले," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून कायदा उलटा झाला. अक्षर जाड, तेवढा आवाज खाली. "मोठ्यानं वाचा ना जी!" लोक ओरडायचे. "ज्याले आयकाचं हाय त्यानं जवळ या." मग सगळे गुपचूप निंबाखाली सरकायचे. आरोळ्या आपोआप बंद झाल्या.

पुढे मालक सुखरूप परत आले. काकाजी गेल्यावर आता संध्याकाळी मालकच पेपर ऐकायला बसतात. परवा पहिल्या पानावर त्या शहराचं नाव पुन्हा जाड अक्षरात आलं. मी सवयीनं आवाज उतरवला, नावापाशी थांबले… आणि बाजेकडे पाहिलं. बाज रिकामी होती. मालकही तिकडेच पाहत होते. तो शब्द तसाच राहिला.